पबमधील संगीत : श्रवण आणि सहवास

आयर्लंडमधील पबांत पारंपरिक वाद्यसंगीताची जी बैठक भरते, तिला ‘सेशन’ म्हणतात. तिच्या आकर्षणाची मीमांसा करताना सामान्यतः दोन कारणे पुढे केली जातात : परंपरेची प्राचीनता आणि मद्याच्या संगतीने येणारा मोकळेपणा. ही दोन्ही कारणे तपासून पाहण्यासारखी आहेत.

सुरावटी जुन्या आहेत, यात शंका नाही. शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहात अशा १८५० सुरावटी आहेत. परंतु त्यांतील पुष्कळशा नृत्यासाठी होत्या आणि त्यांचे स्थान स्वयंपाकघरात किंवा गावच्या चौरस्त्यावर असे. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नृत्यास परवाना आवश्यक ठरला आणि घरगुती नाचही त्याच्या कचाट्यात सापडले. दुसऱ्या महायुद्धानंतर मजुरीसाठी लंडनला गेलेले आयरिश वादक कॅम्डन टाउन, हॉलोवे या भागांतील पबांत जमू लागले. भाड्याच्या खोलीत वाजविण्यास जागा कोठली? १९६२ साली ‘डब्लिनर्स’ हा गायकवादकांचा संच उदयास आला, तोही डब्लिनमधील ओडोनह्यूज या पबातूनच. तात्पर्य, सेशनचे आजचे रूढ रूप फार प्राचीन नाही. ते विस्थापितांच्या गरजेतून घडले आहे.

मद्याचे कारणही पुरेसे नाही. मद्य तर ध्वनिमुद्रित गाणी वाजणाऱ्या पबातही असतेच. भेद आहे तो रचनेचा. सेशनमधील वादक एका मेजाभोवती परस्परांकडे तोंड करून बसतात. कित्येकांची पाठ श्रोत्यांकडे असते. सुरावटीचे बहुधा आठ-आठ मात्राखंडांचे दोन भाग असतात. प्रत्येक भाग दोनदा आणि संपूर्ण सुरावट दोनतीनदा वाजविली जाते. मग एखादा वादक न थांबता दुसरी सुरावट सुरू करतो. पहिल्या काही स्वरांवरूनच ती ओळखून इतर त्यात मिसळतात. ज्याला ती येत नाही, तो स्वस्थ ऐकतो. पुढे गप्पा होतात आणि कोणी तरी पुन्हा आरंभ करतो. हा क्रम संभाषणाचा आहे. १९२३ साली मॅलिनोव्स्की यांनी माहिती देण्याऐवजी केवळ स्नेहबंध राखणाऱ्या बोलण्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. सेशन हा त्याचाच सांगीतिक अवतार म्हणता येईल. येथे श्रोत्याला उद्देशून काहीच वाजविले जात नाही; चाललेली गोष्ट त्याच्या कानी पडते एवढेच. त्याच्याकडून टाळ्यांची अपेक्षा नसते, म्हणूनच तो निःसंकोच होतो.

भाषेची साक्षही हीच आहे. अशा संध्याकाळच्या आनंदास आयर्लंडमध्ये ‘क्रॅक’ म्हणतात. मूळचा हा शब्द स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडकडचा. त्याचा तेथील अर्थ गप्पागोष्टी. तो आयरिश भाषेत गेला आणि तेथील लेखनरूप घेऊन इंग्रजीत परतला. मराठीत सेशनला ‘मैफल’ म्हणणे दिशाभूल करणारे ठरेल. मैफलीत कलावंत रसिकांसमोर गातो आणि त्यांच्या दादेची वाट पाहतो. त्या मानाने ‘गप्पांचा फड’ हा शब्दप्रयोग अधिक जवळचा आहे.

पर्यटनाच्या वाढीबरोबर या रचनेवर ताण पडला आहे. क्लेअर परगण्यातील डूलिनसारख्या गावी लोक मुद्दाम संगीत ऐकण्यासाठी येतात. मग ठरावीक वेळी संगीत हवे, म्हणून मालक दोनतीन वादकांना मोबदला देतात. मोबदल्यात गैर काही नाही. वादन हेही श्रमच आहेत. परंतु ध्वनिक्षेपक आला की संगीताचे तोंड फिरते. मेजाभोवतीचे संभाषण श्रोत्यांपुढचे भाषण बनते आणि श्रोत्यांच्या गप्पा हा गोंगाट ठरतो. ज्या आपलेपणाच्या ओढीने पाहुणा आला, तोच त्याच्या सोयीसाठी केलेल्या व्यवस्थेने नाहीसा होतो.

अर्थात्, ध्वनिक्षेपक नसलेले प्रत्येक वर्तुळ उदार असते, असे नाही. अलिखित शिष्टाचाराच्या आडून नवख्याला दूर ठेवणारी सेशन्सही असतात. तेव्हा वादनकौशल्य किंवा परंपरेची शुद्धता यांवरून सेशनची परीक्षा पुरी होत नाही. वाद्य घेऊन आलेल्या अनोळखी माणसासाठी मेजाभोवतीची एखादी खुर्ची सरकविली जाते की नाही, हा तिचा खरा निकष होय.