स्त्रीपर्वाविना महायुद्ध

साबणाच्या कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या रडव्या नभोनाट्यांना अमेरिकेत ‘सोप ऑपेरा’ म्हणत, तर काऊबॉयच्या साचेबंद चित्रपटांना ‘हॉर्स ऑपेरा’. त्याच चालीवर विल्सन टकर या लेखकाने १९४१ साली अंतराळयुद्धांच्या शिळ्या कथांना ‘स्पेस ऑपेरा’ असे नाव दिले. नाव उपहासाचे होते; पण ते टिकले आणि तो प्रकारही फोफावला. आज आपल्या घरांतील मुले या कादंबऱ्या आवडीने वाचतात, त्यांवरील चित्रपट पुनःपुन्हा पाहतात. म्हणून त्यांतील कथनसंकेतांचा विचार करणे अगत्याचे वाटते.

संकेत असणे हा दोष नव्हे. लावणी स्पर्धांनी ज्या गावाचे नाव सर्वत्र नेले त्या अकलूजमध्ये वावरणाऱ्या आम्हांस हे निराळे सांगावयास नको. तमाशात आधी गण, मग गवळण, पुढे वग, हा क्रम प्रेक्षकाला पाठच असतो. त्याची तक्रार तो करीत नाही. आजचा सोंगाड्या त्यात काय करतो इकडे त्याचे लक्ष असते. अंतराळकादंबरीचा वाचकही तसाच. आडगावी वाढलेला पोरका नायक, त्याचे गुप्त कुळ, जुलमी सम्राट, पळवून नेलेली राजकन्या, मूठभर बंडखोर हे सारे त्याच्या ओळखीचे असते. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांच्या अद्भुतरम्य वळणाशी परिचय असलेल्या मराठी रसिकालाही त्यात परके असे थोडेच वाटेल! एक अख्खा ग्रह म्हणजे एकच वाळवंट किंवा एकच अरण्य, हाही असाच संकेत. सोलापूर जिल्ह्यात नीरेकाठचा ऊस आणि सांगोल्याचे माळरान किती जवळजवळ नांदतात हे पाहणाऱ्यास त्याची गंमत वाटते, इतकेच.

अंतराचा संकेत मात्र अधिक गंभीर आहे. आपली आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. म्हणजे तिच्या एका टोकाचा निरोप प्रकाशाच्या वेगाने निघाला तरी दुसऱ्या टोकास लाख वर्षांनी पोहोचणार. अशा पसाऱ्यावर साम्राज्य कसे चालावे? तेव्हा लेखक यानाला प्रकाशाहून वेगवान करून टाकतो आणि नायक न्याहारीला एका ताऱ्यापाशी, तर जेवणाला दुसऱ्यापाशी असतो. सवलत म्हणून ते क्षम्य आहे. पण त्यामुळे प्रवासातला वियोगच नाहीसा होतो. जो हॉल्डमन यांनी ‘द फॉरेव्हर वॉर’ (१९७४) मध्ये ही सवलत पुरती घेतली नाही. त्यांचा सैनिक काही महिने लढून परततो तेव्हा पृथ्वीवर दशके, पुढे शतके उलटलेली असतात. हॉल्डमन स्वतः व्हिएतनाममध्ये लढले होते. घरी परतूनही घर न सापडणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसेल.

परंतु आमचा खरा आक्षेप मृत्यूच्या हाताळणीवर आहे. ‘स्टार वॉर्स’ (१९७७) या चित्रपटात राजकन्या लेयाचा संपूर्ण ग्रह तिच्या डोळ्यांदेखत उडवला जातो. एक वृद्ध गुरू क्षणभर व्याकूळ होतो आणि कथा पुढे धावते. नंतर तोच गुरू मारला जातो, तेव्हा नायकाच्या खांद्यावर पांघरूण घालून त्याचे सांत्वन करते ती लेया! जिचे अवघे जग नुकतेच राख झाले, तिचे सांत्वन करण्यास कोणालाच सवड नाही. शेवटी पदके मात्र मिळतात.

महाभारताची अठरा पर्वे आहेत आणि अकरावे स्त्रीपर्व आहे. धृतराष्ट्र मृतांची संख्या विचारतो. गांधारी रणभूमीवर फिरते आणि विजयाच्या सूत्रधारालाच शाप देते. गुप्त कुळाचा संकेत तेथेही आहे. पण कर्ण आपला ज्येष्ठ पुत्र होता हे कुंती सांगते ते जलदानाच्या वेळी, भावांनीच त्याला मारल्यावर. अंतराळकादंबरीत कुळ उलगडले की सिंहासन जवळ येते. येथे कुळ उलगडते आणि युधिष्ठिराला मिळालेले राज्य कडू होते. संकेत एकच, पण केवढे अंतर!

या प्रकाराला स्त्रीपर्व मुळीच साधत नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या ‘एंडर्स गेम’ (१९८५) मध्ये एक मुलगा खेळ समजून युद्ध जिंकतो आणि एक अख्खी परकी जात नष्ट झाल्याचे त्याला मागाहून कळते. पुढच्या वर्षीच्या ‘स्पीकर फॉर द डेड’ या कादंबरीत तोच मोठा होऊन मृतांच्या वतीने बोलत ग्रहोग्रही हिंडतो. पहिल्या पुस्तकाचा थरार आवडलेल्या मुलांच्या हाती दुसरे अवश्य द्यावे.

मराठीत असे अंतराळमहायुद्ध आमच्या पाहण्यात फारसे नाही. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी १९७४ साली टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस पाठवली आणि मराठी विज्ञानकथेला एक भारदस्त वाट मिळाली. प्रकाशाच्या वेगाची मर्यादा ज्यांच्या रोजच्या गणितात होती, त्यांच्या लेखणीने ती सहजी कशी मोडावी? त्यांच्या ‘प्रेषित’ या कादंबरीत माणूस तारे जिंकावयास जात नाही. परग्रहावरचे मूलच आपल्यात येऊन वाढते. शीर्षकाचा शब्द आपल्या कानांना वेगळ्या अर्थाने परिचित आहे आणि तो तेथेही शोभतो, कारण निरोप घेऊन आलेल्याला फौजेची गरज नसते. तरीही एखाद्या मराठी लेखकाने हे महायुद्ध लिहावयास घ्यावे असे आम्हांस वाटते. यानांचे आराखडे तो कोठूनही घेईल. रणभूमीवर फिरणारी गांधारी त्याला घरीच भेटेल.