बोली कुणाच्या तोंडी?

दिवंगत लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ पासून गाजवलेल्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात वेश न बदलता ५२ पात्रे उभी राहत. माणूस ओळखू येई तो बोलीवरून. हसू गावकऱ्याच्या भांबावण्याचे होते, पण त्यात तुच्छता नव्हती; हेच या प्रयोगाचे मोठेपण. तरी एक गोष्ट विसरू नये. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातील नोकरी त्यांच्या पाठीशी होती. लिंबागणेशच्या पोराला तो आधार नाही. त्याच्याजवळ आहे ती घरातली दखनी आणि बाजारातली मराठी. रंगमंचावर या मिश्र बोलीची बहुधा इतरांनी नक्कलच केली. ती आपल्या तोंडाने बोलणारा कलावंत जगावा असे वाटत असेल, तर टाळ्यांआधी आपण तिकीट काढले पाहिजे.