रसना आणि वाणी

जीभ चाखते म्हणून तिला रसना म्हणतात, आणि बोलते म्हणून तीच वाणीचें आसन ठरते. भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत रसाचें स्वरूप समजावून देतांना नाना व्यंजनांनीं संस्कारिलेल्या अन्नाचाच दृष्टान्त घेतला आहे. ज्या साहित्यविचारानें आपली परिभाषाच जिभेकडून उसनी घेतली, त्याच्या अभ्यासकांनीं जिभेच्या कर्करोगाच्या कहाण्यांकडे पाठ फिरविणें योग्य नव्हे. म्हणून दोन इंग्रजी आत्मकथनांचा परामर्श आम्ही येथें घेत आहों.

पहिलें, 'लाइफ, ऑन द लाइन' (२०११), हें शिकागोचे विख्यात पाककुशल ग्रँट अ‍ॅकेट्झ व त्यांचे भागीदार निक कोकोनस यांनीं मिळून लिहिलेलें आहे. अ‍ॅकेट्झ यांचें 'अलिनिया' हें भोजनगृह २००५ सालीं निघालें, आणि पुढच्याच वर्षीं 'गूर्मे' मासिकानें त्याला अमेरिकेंत अग्रस्थान दिलें. २००७ सालीं, वयाच्या ३३ व्या वर्षीं, त्यांच्या जिभेला पुढच्या अवस्थेंतील कर्करोग असल्याचें निष्पन्न झालें. जिभेचा बराच भाग कापून काढण्याचा सल्ला त्यांना मिळाला होता. त्यांनीं शिकागो विद्यापीठांतील केमोथेरपी व किरणोपचार पत्करले. जीभ वांचली, चव मात्र गेली.

असें कां होतें? रुचिकलिकांतील पेशी सुमारें दहा दिवसांत झिजून त्यांच्या जागीं नव्या येत असतात. किरणांनीं हा क्रम खंडित होतो. शिवाय लाळेच्या ग्रंथि सुकतात. आणि लाळेंत विरघळल्यावांचून पदार्थाची चव जिभेस कळत नाहीं. अशा काळांत अ‍ॅकेट्झ यांनीं वास, स्मृति व सहकाऱ्यांच्या जिभा यांच्या बळावर स्वयंपाकघर चालविलें. पुढें चव परतली ती एकदम नव्हे: आधीं गोड, मग एकेक करून इतर. तान्ह्या मुलाप्रमाणें चवींची ओळख पुन्हा प्रथमपासून करून घेतां घेतां, एक चव दुसरीला कशी सांवरते हें त्यांना नव्यानें कळलें. हा भाग ग्रंथांत सर्वांत मोलाचा आहे.

तथापि आमची एक तक्रार आहे. हा ग्रंथ मूलतः यशाचा इतिहास आहे. रोग येतो तो उत्तरार्धांत, आणि नायकाच्या मार्गांतील शेवटची धोंड म्हणून. धोंड बाजूला होते व लेखक पुढें निघतात. बेचव महिन्यांत जेवणाच्या ताटासमोर बसलेला माणूस ज्या एकटेपणांत असतो, त्यापाशीं थांबण्यास या कथेला फारशी सवड नाहीं.

ती सवड जॉन डायमंड यांच्या 'सी' (१९९८) या पुस्तकांत आहे. डायमंड हे लंडनच्या 'टाइम्स'चे स्तंभलेखक व नभोवाणीवरील वक्ते. त्यांच्या जिभेचा कांहीं भाग शस्त्रक्रियेनें गेला, आणि ज्या आवाजावर त्यांचा चरितार्थ चाले तो आवाजही गेला. अन्न गिळणें दुष्कर झालें. आणि त्यांच्या पत्नी नायजेला लॉसन यांचें 'हाउ टु ईट' हें पाकविषयक पुस्तक त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें! भित्र्यांनाही कर्करोग होतो, असें डायमंड यांच्या ग्रंथाचें उपशीर्षकच सांगतें. रोग्याला वीर ठरविण्याची हौस त्यांना मान्य नाहीं. २००१ सालीं, वयाच्या ४७ व्या वर्षीं, ते वारले. चवीविषयीं अधिक ज्ञान पहिल्या पुस्तकांत मिळतें. परंतु वाङ्मय या दृष्टीनें आम्ही दुसऱ्यालाच श्रेष्ठ मानतों, कारण त्यांत भीति, चीड व विनोद हीं तिन्ही आपापल्या ठिकाणीं राहूं दिलीं आहेत.

हा विषय आपणांस दूरचा नाहीं. तंबाखूमुळें होणारा तोंडाचा कर्करोग महाराष्ट्रांत अपरिचित नव्हे. गुटख्यावर २०१२ सालीं येथें बंदी घालावी लागली. उपचार झालेला रोगी घरीं येतो तेव्हां त्याच्या आवडीचे पदार्थ रांधले जातात. तो "मातीसारखें लागतें" म्हणतो, आणि रांधणारीचें मन दुखावतें. शस्त्रक्रिया झालेली असेल तर हाताच्या वा मांडीच्या त्वचेनें बांधून काढलेला जिभेचा भाग चव जाणत नाहीं. स्पर्श आणि ऊनथंड यांचीही जाण त्याला बेताचीच असते. म्हणून चहा पोळल्याचें उशिरां कळतें, गालांत घांस राहिल्याचें कळतच नाहीं. घरच्यांना हा हट्ट किंवा गबाळेपणा वाटतो. रोग्याच्या जिभेला शब्दही नीट फुटत नसल्यानें तो खुलासा करूं शकत नाहीं, आणि हळूहळू पंक्तींत बसण्याचेंच टाळूं लागतो.

हा खुलासा त्याच्या वतीनें करणें, एवढें काम हीं दोन पुस्तकें निश्चित करतात. सुशिक्षित कुटुंबांतून तीं वाचलीं गेलीं, तर आग्रहाचा आणखी एक घांस वाढण्यापूर्वीं, आज कोणती चव लागते, असें रोग्याला विचारण्याचें कुणाला तरी सुचेल.