खांब की माणूस? : विद्यार्थ्यांच्या थरारपटाची परीक्षा



आज एका शॉर्टफिल्मविषयी बोलायचं आहे. तिला आम्ही परीक्षक म्हणून जे गुण दिले, ते चुकीचे होते. ती चूक आमची आम्हांला कशी कळली, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय.

आयुष्यभर आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं. सिनेमा हा काही आमचा प्रांत नव्हे. पण निवृत्त माणसाला वेळ असतो असा एक समज आहे, आणि तो अगदीच खोटा नाही. मावळातल्या विद्यार्थ्यांच्या लघुपट स्पर्धेला परीक्षक हवे होते, आम्ही गेलो. फिल्मचं नाव सांगत नाही आणि कॉलेजचंही नाही, कारण मुलं गुणी आहेत आणि अजून शिकताहेत.

फिल्म आठ-नऊ मिनिटांची, थरारपट. तिघं मित्र, दोन मुलगे आणि एक मुलगी, शेवटच्या लोकलनं लोणावळ्याला उतरतात आणि तुंगार्लीच्या बाजूला भाड्यानं घेतलेल्या बंगल्यावर जातात. पाऊस, धुकं, फोनला रेंज नाही. बंगल्यावर एक म्हातारे वॉचमन, त्यांना सगळे मामा म्हणतात. मामा हातात बॅटरी घेऊन खिडकीतून आत बघतात, बोलत काहीच नाहीत. रात्री एका मित्राचा खून होतो. मुलीला मामांचा संशय, आपल्यालाही मामांचा संशय. शेवटच्या मिनिटात कळतं की खुनी दुसरा मित्रच.

आम्ही खुर्चीत दचकलो. गुणपत्रिकेवर पाच रकाने होते: छायाचित्रण, ध्वनी, संकलन, अभिनय आणि एकूण परिणाम. दचकलो म्हणजे परिणाम झालाच, म्हणून शेवटच्या रकान्यात भरभरून गुण दिले. फिल्म पहिली आली.

बक्षीस समारंभात ती पुन्हा दाखवली. या खेपेला शेवट ठाऊक होता. मधे एक दृश्य येतं. खून झाल्यावर तो दुसरा मित्र, म्हणजे खुनी, खोलीचं दार आतून लावून एकटाच बसलेला आहे. थरथरतोय, रडतोय, घाबरून खिडकीकडे बघतोय. पहिल्यांदा पाहताना आम्हांला त्याची दया आली होती. दुसऱ्यांदा पाहताना प्रश्न पडला: खोलीत कोणीच नाही, मग हा घाबरण्याचं नाटक करतोय कोणासाठी? उत्तर एकच. आपल्यासाठी! म्हणजे पात्र दुसऱ्या पात्राला फसवत नव्हतं, फिल्मच प्रेक्षकाला फसवत होती.

आता आमच्या प्रांतात येऊ. न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितलेत आणि त्यांत तिसरा आहे संशय. संशयाला आपल्या परंपरेनं दोष मानलेलं नाही, विचाराची सुरुवात मानलंय. त्याचं ठरलेलं उदाहरण तुम्हांला माहीत असेल. संधिप्रकाशात दूर काहीतरी उभं दिसतं. खांब आहे की माणूस? उंची दोघांची सारखी, उभं असणं दोघांचं सारखं. हे सामान्य धर्म दिसतात. हात-पाय, हालचाल, हे विशेष धर्म दिसत नाहीत. सामान्य दिसतं आणि विशेष दिसत नाही, म्हणून मन दोन टोकांमध्ये हेलकावे खातं. मग आपण जवळ जातो, विशेष दिसतो आणि निर्णय होतो. निर्णय हाही त्याच सोळांपैकी एक.

जुलै-ऑगस्टमध्ये खंडाळ्याच्या घाटात जो उभा राहिलाय, त्याला हे उदाहरण पुस्तकात वाचायची गरज नाही. म्हणूनच मुलांना इथं थरारपट काढावासा वाटतो. धुकं फुकट मिळतं. पण धुक्यानं झाकलं तरी खांब खांबच राहतो. धुकं त्याचा माणूस करत नाही.

सोळा पदार्थांत आणखी एक आहे, छल. त्याचं उदाहरण गमतीचं आहे. एक जण म्हणतो, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे. समोरचा म्हणतो, कुठे आहेत नऊ घोंगड्या? मला तर एकच दिसतेय. ‘नव’ म्हणजे नवा आणि ‘नव’ म्हणजे नऊ. बोलणाऱ्याला अभिप्रेत अर्थ एक, आणि शब्दाच्या दुहेरीपणाचा फायदा घेऊन मुद्दाम दुसराच पुढे करायचा. त्या बंद खोलीतल्या दृश्यानं असंच काहीसं केलं. संशय उभा करण्याऐवजी छल केला.

यावर मुलं म्हणतील, आणि ती म्हणालीही, ‘सर, सिनेमा म्हणजे खोटंच असतं की!’ असतं. पण न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. हे आमच्यासारख्या बाहेरच्याचं मत नाही. हिचकॉकच्या ‘स्टेज फ्राइट’ (१९५०) या चित्रपटात सुरुवातीला एक पात्र घडलेली हकीकत सांगतं, ती आपल्याला पडद्यावर दिसते आणि पुढे ती खोटी निघते. लोक चिडले. पुढे त्रूफोशी झालेल्या प्रदीर्घ संभाषणात हिचकॉकनं स्वतः कबूल केलं की ते करायला नको होतं. त्याच संभाषणात त्यानं टेबलाखालच्या बॉम्बचं ते प्रसिद्ध उदाहरण दिलं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगा आणि टेबलावरच्या माणसांना सांगू नका, मग तो पंधरा मिनिटं श्वास रोखून बसतो. भीती माहिती लपवल्यानं वाढतेच असं नाही. ती कोणाला, किती, कधी द्यायची, यावर सगळं अवलंबून आहे.

आपल्याकडचा दाखला हवा तर राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) पाहा. यावरूनच पुढे हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) निघाला. बायको वारली असं मानणाऱ्या वकिलासमोर तिच्याच चेहऱ्याची आरोपी उभी राहते आणि म्हणते, मी तुमची बायको. चेहरा हा सामान्य धर्म. विशेष शोधायला कोर्टात प्रश्न विचारले जातात, फक्त नवरा-बायकोलाच ठाऊक असतील अशा गोष्टींचे. खांब की माणूस, हाच प्रश्न तिथं दोन तास चालतो. शेवट कळल्यावर चित्रपट पुन्हा पाहिला तरी त्याची गोडी कमी होत नाही, कारण संशय प्रामाणिकपणे उभा केलेला आहे.

आणि विद्यार्थ्यांचंच उदाहरण द्यायचं तर आपल्या घाटाचं नाव घेऊन आलेलं आहे. कर्जत-लोणावळा दरम्यान गाडीतून जाताना मंकी हिलचा फलक तुम्ही पाहिला असेल. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेवर सुरू झाली. तिथे शिकत असताना विधु विनोद चोप्रा यांनी १९७६ मध्ये ‘मर्डर अ‍ॅट मंकी हिल’ हा लघुपट केला. त्याला प्रायोगिक लघुपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याचाच विस्तार करून त्यांनी ‘सजाए मौत’ (१९८१) हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट केला. कल्पना साधी आहे: सुपारी घेतलेला मारेकरी आणि जिला मारायचं त्या मुलीवरच जडलेला त्याचा जीव. बघा, खुनी कोण हा प्रश्नच नाही. तो पहिल्यापासून आपल्यासमोर आहे. तो मारेल का, हा प्रश्न आहे. पत्ते उघडे ठेवूनही डाव रंगतो, आणि विद्यार्थ्याच्या तुटपुंज्या साधनांत रंगतो.

मग नियोजन कसं करावं? मुलांची वही आम्ही पाहिली. स्टोरीबोर्ड होता, शॉटची यादी होती, लोकलची वेळ होती, कॅमेरा भिजू नये म्हणून छत्री कोणी धरायची तेही लिहिलं होतं. चांगली वही होती. लोहगडावर एक दृश्य घ्यायचं मनात होतं, पण गड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात, परवानगी लागते, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं, हेही शहाणपणाचं. वहीत नव्हतं ते एवढंच: प्रत्येक दृश्यासमोर तीन रकाने. खरं काय घडलंय? पात्राला काय माहीत आहे? प्रेक्षकाला काय माहीत आहे? हे तीन रकाने भरले असते तर बंद खोलीपाशी पेन आपोआप अडलं असतं. पहिल्या रकान्यात ‘याने खून केलाय’ लिहायचं आणि त्याच ओळीत ‘हा भुताला घाबरल्यासारखा रडतोय’ हे बसवायचं कसं?

आता मामांकडे येतो. खरं सांगायचं तर हे व्याख्यान त्यांच्यामुळे झालं. वॉचमनची भूमिका त्या बंगल्यावरच्या खऱ्या मामांनीच केली होती. पवन मावळातले, वय आमच्याएवढंच. समारंभाला नातवाला घेऊन आले होते. फिल्म संपल्यावर मुलं त्यांच्याभोवती जमली, फोटो काढले. नंतर चहाच्या वेळी ते आमच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, ‘सर, पोरं म्हनली रागानं बघा, म्या बघितलं. पन का बघायचं ते कुनी सांगितलंच नाय. माझा गुन्हा काय व्हता त्यात?’

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही संशयावर शिकवलंय, आणि या माणसावर नऊ मिनिटं संशय घेताना आमच्याकडे कोणता पुरावा होता? म्हातारा, गरीब, गावचा, अंधारात उभा. बस्स. हे काही खुन्याचे विशेष धर्म नव्हेत. पुण्या-मुंबईहून सुट्टीला येणारा माणूस बंगल्यावरच्या राखणदाराकडे ज्या नजरेनं बघतो, ती नजर फिल्मनं न तपासता उचलली. वाईट याचं वाटतं की काढणारी मुलं बाहेरची नव्हती. वडगाव-कामशेतचीच होती, त्यांच्याही घरी कोणी ना कोणी बंगल्यांवर काम करणारं असेल. आणि गुण देणारे आम्ही, तेही इथलेच.

मुलांचं एक मानलं पाहिजे. आमचं बोलणं त्यांनी मनावर घेतलं आणि एका रविवारी पुन्हा बंगल्यावर गेली. या वेळी मामांना अख्खी गोष्ट सांगितली. मामा म्हणाले, ‘आमी खिडकीतनं बघत नाय. बाया-मानसं असत्यात आत. आमी दारात उभं राहून हाक देतो, अन् कुनी नाय बोललं तर तिथंच थांबतो.’ मुलांनी तेच घेतलं. बाहेरून हाक येते. आत तिघांपैकी कोणी उत्तर देत नाही. दाराखालच्या फटीतून बॅटरीचा उजेड दिसतो आणि तो हलत नाही. बंद खोलीतलं रडणं काढून टाकलं. फिल्म मिनिटभरानं आखूड झाली. आम्ही पाहिली तेव्हा दचकलो नाही, पण ती हाक घरी आल्यावरही कानात राहिली. शेवट कळल्यावर तर जास्तच, कारण मदतीला आलेला एकच माणूस दाराबाहेर उभा होता आणि आपण त्यालाच भीत होतो.

आता मूल्यमापन. आयोजकांना आम्ही दोन गोष्टी सुचवल्या. एक, थरारपट दोनदा पाहिल्याशिवाय गुण देऊ नयेत. दचकणं पहिल्या खेपेचं असतं, फिल्म खरी आहे की नाही ते दुसऱ्या खेपेला कळतं. दुसरी, मुलांकडून जो आत्मपरीक्षणाचा कागद घेतात, त्यात ‘आमचा उद्देश सफल झाला’ या वाक्याला मनाई असावी. कोणत्या दृश्यात आम्ही प्रेक्षकाला फसवलं, आणि फिल्ममध्ये ज्याच्यावर संशय घेतला त्याला ती दाखवल्यावर तो काय म्हणाला, एवढं लिहावं.

आयोजक म्हणाले, ‘सर, दिवसाला पंचवीस-तीस फिल्म असतात, दोनदा कधी बघायच्या?’ अडचण खरी आहे. आम्ही म्हटलं, सगळ्या नकोत, शेवटच्या पाच तरी बघा. अजून उत्तर आलेलं नाही. ढाल त्याच मुलांकडे आहे, ती परत मागायचा प्रश्नच नाही, गुण आम्ही दिले होते. पण पुढच्या वर्षी आम्हांला बोलावलंच, तर गुणपत्रिकेवर सहावा रकाना आम्ही पेन्सिलीनं आखून घेणार आहोत.