किल्ली आणि भगदाड

मागच्या व्याख्यानात मालकीबद्दल बोलत असताना एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, "सर, मी माझा आयफोन जेलब्रेक केला, तर ती चोरी की माझा हक्क?" दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हता, म्हणून आजचा वेळ त्यालाच देऊ.

आधी शब्द नीट लावून घेऊ. फोन एखाद्या मोबाईल कंपनीच्या सिमला बांधलेला असतो, तो सोडवून घेणं वेगळं. जेलब्रेक म्हणजे निर्मात्याने ऑपरेटिंग सिस्टिमवर घातलेली बंधनं तोडणं, त्याने मंजूर न केलेला प्रोग्रॅमही चालेल असं करणं. जून २००७ मध्ये पहिला आयफोन अमेरिकेत विक्रीला आला, तेव्हा बाहेरच्या कुणाचं ॲप त्यावर बसवायची सोयच नव्हती. काही आठवड्यांत हौशी पोरांनी ते बंधन तोडलं. ॲपलचं स्वतःचं ॲप स्टोअर उघडलं जुलै २००८ मध्ये. पुढचं दार उघडायच्या आधीच मागच्या दाराने बाजार भरला होता म्हणा ना!

मला खटकतो तो 'जेलब्रेक' हा शब्दच. तुरुंग फोडतो तो कैदी. इथे कैदी कोण? रोख पैसे मोजून वस्तू घरी आणणारा. आपल्याकडे 'स्वत्व' म्हणजे काय, यावर धर्मशास्त्रात आणि न्यायशास्त्रात केवढा खल झालाय. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत स्वत्व लौकिक मानलं. म्हणजे शास्त्राने सांगितलं म्हणून मी मालक होत नाही. खरेदी, वारसा अशा लोकव्यवहारातून मालकी सिद्ध होते. आणि या परंपरेत स्वत्वाचं एक लक्षण सांगितलं जातं ते यथेष्ट विनियोगाची योग्यता, म्हणजे वस्तू आपल्या इच्छेप्रमाणे वापरता येण्याची पात्रता. योग्यता म्हटलंय, बरं का, प्रत्यक्ष वापर नव्हे. मी फोनमध्ये काहीही बदलणार नाही कदाचित. पण बदलू शकतो का, हा प्रश्न आहे.

आता अमेरिकेचा कायदा या कसोटीवर लावून बघू. १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने डिजिटल कुलपं तोडणं बेकायदा ठरवलं, आणि दर तीन वर्षांनी काही सवलती देण्याचं काम लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे सोपवलं. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने स्मार्टफोनसाठी सवलत मागितली. ॲपलने विरोध केला. अशाने मोबाईलचे टॉवरसुद्धा बंद पाडता येतील, इथपर्यंत युक्तिवाद गेला. जुलै २०१० मध्ये सवलत मिळाली. कॉपीराइट कार्यालयाचं त्यातलं एक निरीक्षण मला फार आवडतं: जेलब्रेक करताना ८० लाखांहून अधिक बाइट्सच्या प्रोग्रॅममधले ५० हूनही कमी बाइट्स बदलतात. एवढ्यासाठी लेखनहक्काचा कायदा कशाला वापरायचा?

निकाल चांगला, पण त्याची घडण बघा. सवलत तीन वर्षांची. पुन्हा मागायची, पुन्हा पटवून द्यायचं. २०१२ मध्ये फोनसाठी ती पुन्हा मिळाली, टॅब्लेटसाठी नाही. टॅब्लेटला २०१५ पर्यंत थांबावं लागलं. तोच मालक, तसंच कुलूप, फक्त पडदा मोठा! आणि सवलत कुलूप तोडण्याच्या कृतीपुरती. तोडायचं हत्यार बनवून इतरांना पुरवण्यावरची बंदी तशीच राहिली. म्हणजे स्वतःच्या घराचं कुलूप तोडा, पण लोहाराकडे जायचं नाही. ही मालकी नव्हे, भाडेकरूला दिलेली मुदतवाढ आहे.

इथवर जेलब्रेक करणाऱ्यांना मी आपला माणूस वाटलो असेन. पण माझा आक्षेप त्यांच्यावरही आहे. ते ज्याला मुक्ती म्हणतात, ती होते कशी? किल्लीने नव्हे. निर्मात्याच्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी चूक राहून गेलेली असते, त्या भगदाडातून आत शिरायचं. २०१० मध्ये नुसत्या एका वेबसाइटवर जाऊन आयफोन जेलब्रेक करता येत होता, कारण पीडीएफ उघडण्याच्या यंत्रणेत दोष होता. केवढी सोय! पण त्याच दोषातून परका माणूसही आत येऊ शकत होता. भगदाडाला मालक ओळखता येत नाही.

याचं सगळ्यात भीषण उदाहरण २०१६ मधलं. संयुक्त अरब अमिरातीतले मानवी हक्क कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना एक संदेश आला, त्यात एक लिंक. त्यांनी ती उघडली नाही, टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबकडे पाठवली. तपासात काय निघालं? लिंक दाबली असती तर दुरूनच त्यांचा फोन जेलब्रेक होऊन त्यात पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर बसलं असतं. शब्द तोच, तंत्र त्याच जातीचं, फक्त स्वातंत्र्य कुणाला मिळालं असतं ते बघा.

मग काय, कुलूप निमूट सोसायचं? नाही. गूगलचे नेक्सस आणि नंतरचे पिक्सेल फोन घ्या. फोन सुरू होताना आधी चालणारा प्रोग्रॅम, त्याला बूटलोडर म्हणतात, त्याचं कुलूप उघडायची सोय गूगलनेच ठेवली. (काही मोबाईल कंपन्यांनी विकलेल्या पिक्सेलमध्ये ती मिळत नाही, हेही सांगायला हवं.) उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, म्हणजे चोराने फोन पळवून कुलूप उघडलं तरी तुमचे फोटो त्याच्या हाती लागत नाहीत. पुढे दर वेळी फोन सुरू करताना इशारा दिसतो. हा गैरसोयीचा व्यवहार आहे, पण प्रौढ माणसांमधला आहे. माझ्या वयाच्या लोकांना फोनवरून फसवणं सोपं असतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून कुलूप असावं, चांगलं मजबूत असावं. पण किल्ली देताना सावध करणं वेगळं आणि किल्लीच न देणं वेगळं.

युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तिथल्या आयफोनवर दुसऱ्यांची ॲप दुकानंही आली. पुष्कळांनी लिहिलं, आता जेलब्रेकची गरज संपली. मला तसं वाटत नाही. त्या दुकानांतलं ॲपसुद्धा आधी ॲपलकडून तपासून, शिक्का घेऊनच फोनवर येतं. दुकानं वाढली, शिक्का एकाच घरी राहिला.

वेळ झाली. आता प्रश्न घेऊ, ज्याने मागच्या वेळी विचारलं होतं त्याच्यापासून सुरुवात करू.