भित्तिचित्रांचे अविध्वंसक परीक्षण : अजिंठ्याच्या डिजिटल पुनर्निर्माणाची समीक्षा

प्रस्तावना

नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची मंद प्रकाशात छायाचित्रे घेऊन संगणकावर त्यांचे पुनर्निर्माण केले. भिंतीला हात न लावता झालेले हे कार्य मोलाचे आहे. तथापि, अशा पुनर्निर्मित प्रतिमेला पुरावा म्हणून किती मूल्य द्यावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावरील पातळ पांढऱ्या लेपावर रंगविलेली असून त्यांना स्पर्श सोसत नाही. जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात चित्रांच्या प्रतिकृती केल्या, तेव्हा मूळ चित्रांना रोगण लावले गेले. पुढे १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा लेप दिला. हेतू संरक्षणाचा होता. परंतु कालांतराने हे लेप काळवंडले व चित्रे झाकोळली.

विवेचन

प्रतिमा-संस्करणात हा धोका नाही. अवरक्त प्रकाशात गेरूसारखे रंग फिकट होतात, काजळीची रेषा मात्र काळीच राहते. अतिनील प्रकाशात लाखेचा थर नारिंगी चमकतो. अशा प्रतिमा एकमेकींशी जुळवून डोळ्यांना न दिसणारी रेषा वाचता येते. हे परीक्षण होय. त्यातील रेषा भिंतीवर असते व ती पुन्हा पडताळता येते.

पुनर्निर्माण याच्या पुढे जाते. जेथे गिलावाच गळून पडला आहे, तेथे कोणताही किरण काही सांगू शकत नाही. शेजारचा अलंकार किंवा अन्य लेण्यातील तत्सम आकृती यांच्या आधारे ती जागा भरावी लागते. हे अनुमान कितीही अभ्यासपूर्ण असले तरी अनुमानच होय. अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबावा, असे १९६४ ची व्हेनिस सनद सांगते. संगणकावर भिंत सुरक्षित असल्याने हे बंधन शिथिल वाटते. परंतु पूर्ण झालेल्या प्रतिमेत आढळलेली रेषा आणि कल्पिलेली रेषा सारख्याच ठसठशीत दिसतात. येथे हानी भिंतीची नव्हे, आकलनाची होते.

निष्कर्ष

हस्तलिखिताचा संपादक गळालेली अक्षरे कंसात देतो. तीच शिस्त येथेही हवी. मूळ छायाचित्र, परीक्षण-प्रतिमा व पुनर्निर्मित प्रतिमा एकत्र प्रसिद्ध व्हाव्यात आणि भरलेला भाग वेगळ्या छटेत दाखविला जावा. तसे झाल्यास पुनर्निर्माण रसिकाला आनंद देईल आणि संशोधकाचीही दिशाभूल करणार नाही.