स्मारक, संहिता आणि साम्यवादी भूतकाळ

१९८९ नंतरच्या नव्या लोकशाह्यांनी साम्यवादाचा हिशेब पुतळ्यांपासून मांडला. बुडापेस्टने मार्क्स-लेनिनचे पुतळे १९९३ मध्ये शहराच्या कडेला उद्यानात हलविले. महाराष्ट्रात साम्यवादी सत्ता कधीच नव्हती. म्हणून येथील हिशेब मुख्यतः वाङ्मयाशी आहे. चेंबूरलगतच्या घाटकोपरमधील चिरागनगरात राहिलेल्या अण्णाभाऊ साठे यांचा पुतळा २०२२ मध्ये मॉस्कोतील ग्रंथालयात बसला, सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर तीन दशकांनी. अशा शासकीय गौरवात ‘लोकशाहीर’ उरतो, १९४४ चे लाल बावटा कलापथक मागे पडते.

परंतु विलोपनाचा आरोप करून समीक्षेची जबाबदारी संपत नाही. ‘फकिरा’ (१९५९) अण्णाभाऊंनी आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली; पक्षाच्या वर्गविचारात न मावणारे जातवास्तव तेथे आधीच बोलत होते. म्हणूनच ‘माझा रशियाचा प्रवास’ हा राजवटीचा दाखला नव्हे. गावकुसाबाहेरच्या माणसाला परदेशी लाभलेल्या प्रतिष्ठेचा तो अनुभव आहे. मात्र सोव्हिएत श्रमछावण्यांविषयीचे त्यातील मौनही वाचलेच पाहिजे. ती प्रतिष्ठा खरी होती आणि ते मौनही खरे होते. पुतळ्याला हे दोन्ही एकत्र पेलत नाही. समीक्षेने ते टाळू नये.